ढगात शिरून वीज मोजताना

प्रवासी विमानावर सरासरीने वर्षाकाठी एकदा वीज पडते. यातला ‘पडते’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. झाडावर किंवा घरावर वीज वरून येते; उडत्या विमानाच्या बाबतीत दहातल्या नऊ वेळा ती विमानापासूनच निघते. ढगातले विद्युतक्षेत्र आधीच ताणलेले असते. त्यात पन्नास-साठ मीटर लांबीचा धातूचा सांगाडा शिरला, की नाकाशी, पंखांच्या टोकांशी आणि शेपटाशी ते क्षेत्र अनेक पटींनी वाढते. मग एका टोकाकडून धनभाराची आणि दुसऱ्या टोकाकडून ऋणभाराची अशा दोन ठिणग्या उलट दिशांना धावत सुटतात आणि ढगातल्या भारांना जाऊन भिडतात. विमान त्या दोघींमधला दुवा होऊन बसते. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या चिमण्यांवरही वीज खेचली जाई, पण चिमणीच्या अंगावरून तांब्याची पट्टी थेट जमिनीत गेलेली असे. विमानाला जमीनच नाही. त्यामुळे वीज एका टोकाने आत येते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते.

मोजणाऱ्याची पहिली अडचण इथेच सुरू होते. विमानावरचे उपकरण जी वीज मोजते, ती बहुतेकदा त्याच विमानाने पेटवलेली असते. ढगात आपसूक चमकणारी वीज आणि ही वीज एकच आहे का, हा पेच या विषयात जागोजाग आडवा येतो. ढगातून निघणाऱ्या क्ष-किरण आणि गॅमा किरणांच्या, म्हणजे प्रारणाच्या, मोजणीतही तो सुटलेला नाही.

मोजणाऱ्याच्या परिसरानेच मोजणी बिघडावी, हा अनुभव मुंबईला जुना आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले. रुळांतून आणि जमिनीतून फिरणाऱ्या ट्रामच्या प्रवाहाने नाजूक चुंबकसूचींची नोंद बिघडणार हे उघड होते, म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये खाडीपलीकडे अलिबागला गेली. ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. वेधशाळेला बिऱ्हाड हलवता आले. विमानाला स्वतःपासून लांब जाता येत नाही.

हवामानाच्या नोंदी कुलाब्यालाच राहिल्या आणि गडगडाटी ढगांच्या विद्युत अभ्यासातला एक महत्त्वाचा अध्याय तिथेच लिहिला गेला. त्या काळी ढगात धनभार वर असतो की खाली, यावर दोन तट पडले होते. पाण्याचे थेंब फुटताना भार वेगळे होतात हा सिद्धान्त जॉर्ज सिम्प्सन यांनी भारतीय हवामान खात्यात असताना, सिमल्याच्या पावसाचा भार मोजून मांडला होता. त्यानुसार धनभार ढगाच्या तळाशी असायला हवा. केंब्रिजचे सी. टी. आर. विल्सन मात्र धनभार वर आणि ऋणभार खाली मानत. कुलाबा आणि अलिबाग वेधशाळांचे संचालक सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी १९३० च्या सुमारास, डोक्यावरून जाणाऱ्या ढगांमुळे जमिनीवरचे विद्युतक्षेत्र कसे बदलते याच्या नोंदी घेऊन या वादात भर घातली. मुंबई त्यासाठी सोयीची होती. इथे जुलै-ऑगस्टच्या संततधारेत गडगडाट क्वचितच ऐकू येतो. विजांचे ढग येतात ते मान्सूनच्या तोंडावर, वळवाच्या सरींसोबत, आणि पुन्हा परतीच्या पावसात. संध्याकाळी सह्याद्रीकडून उठलेला काळा ढग पश्चिमेला सरकतो आणि दादर-परळकरांना आधी पूर्वेच्या आकाशात नुसता लखलखाट दिसतो. असा एकेकटा, सुटा ढग डोक्यावरून जाताना नोंदता येतो.

पण जमिनीवरच्या उपकरणाला सगळ्या भारांची बेरीजच कळते. वरचा भार किती आणि खालचा किती, ही फोड करायची तर आत शिरावे लागते. सिम्प्सन आणि स्क्रेस यांनी १९३७ मध्ये फुगे सोडून ती केली: वर धन, मध्ये ऋण आणि अगदी तळाशी धनभाराचा छोटा पट्टा. म्हणजे दोन्ही तट थोडे थोडे बरोबर ठरले. फुग्याची मर्यादा अशी, की वारा नेईल तिकडे तो जातो. हव्या त्या उंचीवर, हव्या त्या ढगात जायचे तर विमानच लागते.

विमानातून विजेचा पद्धतशीर अभ्यास होऊ लागला त्यामागे एक अपघात आहे. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात एल्कटनजवळ, उतरण्याची वाट पाहत घिरट्या घालणाऱ्या पॅन ॲमच्या बोइंग ७०७ वर वीज पडली. पंखातल्या टाकीत इंधनाची वाफ पेटली आणि ८१ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर इंधनटाक्या, वायुवीजनाची तोंडे आणि जोडकामे यांचे नियम कडक झाले. पण नियम करायचे तर आकडे हवेत. वीज किती अँपिअरची, किती वेगाने चढणारी, किती वेळ टिकणारी, हे त्या वेळी मुख्यतः जमिनीवरच्या उंच मनोऱ्यांवरून माहीत होते.

ते आकडे आणण्यासाठी नासाच्या लँग्ली केंद्राने एफ-१०६बी डेल्टा डार्ट हे जुने लढाऊ विमान मुद्दाम वादळात घातले. १९८० ते १९८६ या काळात त्याने गडगडाटी ढगांत १,४९६ वेळा शिरकाव केला आणि ७१४ विजा अंगावर घेतल्या. सुरुवातीच्या हंगामांत कमी उंचीवर वीज हाती लागेना. मग वॉलप्स बेटावरच्या रडारची मदत घेऊन वैमानिक उंच, जवळजवळ उणे ४० अंशांच्या थरात जाऊ लागले, आणि तिथे झटके बसायला लागले. १९८४ मधल्या एका उड्डाणात ३८,००० फुटांवर पाऊण तासात ७२ झटके बसले. गंमत म्हणजे तिथे पाऊस आणि हादरे दोन्ही बेताचेच होते. रडारवर लाल दिसणारा भाग टाळला म्हणजे वीजही टळली, हा समज या नोंदींनी मोडीत काढला.

खालच्या थरातल्या विजांसाठी अमेरिकेने सीव्ही-५८० आणि फ्रान्सने ट्रान्सॉल ही दोन पंख्यांची संथ विमाने वापरली. या सगळ्या नोंदी एकत्र ठेवून व्लादिस्लाव माझूर यांनी १९८९ मध्ये दाखवले, की विमानावरची वीज मुख्यतः विमानच सुरू करते. विमानावरच्या नोंदींत आधी स्थिर क्षेत्र हळूहळू चढते, मग एका टोकाकडून ठिणगी निघते आणि काही मिलिसेकंदांनी दुसऱ्याकडून. विमानाने आधीच्या विजेच्या वाटेत येऊन मार खाल्ला असता, तर हा क्रम दिसला नसता. सात वर्षे वादळात शिरून मिळालेली माहिती अशी आपल्याच सावलीची निघाली. विमान बांधणाऱ्यांसाठी ती तरीही मोलाची होती, कारण त्यांना काळजी याच विजेची. ढगाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र दुसरी वाट शोधावी लागली.

प्रवाह मोजायची रीतही समजून घेण्याजोगी आहे. विमानाची कातडी मध्ये कापून तिथे मीटर बसवता येत नाही. म्हणून प्रवाहाभोवती तयार होणारे चुंबकीय क्षेत्र सात-आठ ठिकाणी मोजतात आणि त्यावरून उलट हिशेबाने प्रवाह काढतात. संवेदक म्हणजे तारेचे वेटोळे. क्षेत्र बदलले की त्यात व्होल्ट उमटतो, आणि तो बदलाच्या वेगाच्या प्रमाणात असतो. विजेचा पहिला चढ मायक्रोसेकंदात होतो आणि मागाहून चालणारा सौम्य प्रवाह अर्धा सेकंदही टिकतो. एकाच उपकरणाने दोन्ही टिपायचे म्हणजे सेकंदाला कोट्यवधी नोंदी घेणारे, तरीही सेकंदभर न थकणारे यंत्र लागते. युरोपात २००६ नंतर नेदरलँड्सची विमानसंशोधन संस्था, एअरबस, फ्रान्सची ओनेरा, आइंडहोवन विद्यापीठ वगैरेंनी मिळून असे यंत्र बनवले. त्याचे लघुनाव इल्डास. त्याचे काही संवेदक खिडकीच्या आतल्या बाजूला बसतात. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र काचेतून थोडेसे आत झिरपते आणि तेवढेच त्याला पुरते. विमानाच्या अंगाला एकही नवे भोक पाडावे लागत नाही, आणि ज्याने विमानाला भोक पाडायची परवानगी मागून पाहिली आहे त्यालाच याची किंमत कळेल.

इल्डासचा मूळ हेतू अगदी व्यवहाराचा होता. वीज लागलेले विमान उतरले, की अभियंते टॉर्च आणि शिडी घेऊन त्याच्याभोवती फिरतात. नाकाच्या टोपणापासून कातडीवर एका ओळीत जळाल्यासारखे, मसूर-वाटाण्याएवढे वितळलेले ठिपके सापडतात. विमान पुढे जात असते आणि विजेची वाट हवेत जागच्या जागी राहते, म्हणून तिचे टोक कातडीवर मागे मागे घसरत जाते. हे ठिपके त्या घसरणीच्या पाऊलखुणा. पंखांच्या मागच्या कडेला लावलेल्या, स्थिर विद्युत हवेत सोडणाऱ्या बारीक कांड्यांपैकी एखादी जळून बोथट झालेली असते. आत कुठून शिरली आणि बाहेर कुठून पडली हे ठरेपर्यंत विमान जमिनीवर उभे. ही ठिकाणे यंत्राने आधीच सांगितली तर तपासणीचे तास वाचतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांच्या वजनाचा निम्मा भाग कार्बन-तंतूंचा आहे. तो ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी पटींनी कमी वाहक असल्याने वरच्या थरात तांब्याची जाळी घालतात, आणि जाळीखालची इजा नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. विमानाला परवाना देताना दोन लाख अँपिअरचा पहिला झटका गृहीत धरतात. एफ-१०६बीवर मोजलेले झटके याच्या खूपच खाली होते.

आता प्रारण. विल्सन यांनी १९२५ मध्येच तर्क केला होता, की ढगातल्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन बेफाम धावू शकतील. हवेतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला रेणूंशी टकरून ऊर्जा गमवावी लागते, पण त्याचा वेग जसा वाढतो तसा हा विरोध एका टप्प्यापर्यंत कमी होत जातो. क्षेत्राची ओढ विरोधावर मात करू लागली, की इलेक्ट्रॉन थांबत नाही. वाटेत तो आणखी इलेक्ट्रॉन उखडतो, आणि हिमस्खलनासारखा लोंढा तयार होतो. समुद्रसपाटीच्या हवेत ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. लोंढ्याला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे क्षेत्र चालते, आणि उंचावरच्या विरळ हवेत त्याहूनही कमी. ढगांत प्रत्यक्ष मोजलेली क्षेत्रे याच टप्प्यातली आहेत. फक्त लोंढ्याची सुरुवात करून देणारा एखादा वेगवान इलेक्ट्रॉन हवा, आणि विश्वकिरण ते काम सतत करत असतात.

वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून वळला, की क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोगावर उपचार करणारी लिनॅक यंत्रे याच तत्त्वावर चालतात. तिथे इलेक्ट्रॉन काही दशलक्ष व्होल्टपर्यंत पळवून टंगस्टनच्या चकतीवर आपटतात. ढगात चकतीची जागा हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनने घेतलेली असते. फरक इतकाच, की रुग्णालयातल्या यंत्राभोवती जाड काँक्रीटच्या भिंती असतात.

हे प्रारण विमानातून पहिल्यांदा स्पष्टपणे टिपले गेले ते एफ-१०६वरच. जॉर्ज पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये, आणि पुढे मॅकार्थी व पार्क्स यांनी १९८५ मध्ये, सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांतून मिळालेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. किरण आदळला की स्फटिकात क्षीण चमक उठते आणि प्रकाशनलिका ती मोजते. क्ष-किरण वीज चमकण्याच्या काही सेकंद आधी वाढू लागत आणि वीज चमकताच एकदम थांबत. म्हणजे स्रोत विजेच्या वाटेत नसून तणावलेल्या ढगातच होता. हे फारसे कुणी मनावर घेतले नाही. दहा वर्षांनी, विश्वाच्या दूरच्या स्फोटांवर नजर ठेवणाऱ्या कॉम्प्टन उपग्रहातल्या बॅट्से उपकरणाला पृथ्वीकडूनच येणारे, मिलिसेकंदभर टिकणारे गॅमा झोत दिसले आणि १९९४ मध्ये ते जाहीर झाले, तेव्हा सगळ्यांचे लक्ष पुन्हा ढगाकडे गेले. एकाच ढगाची दोन रूपे समोर आली होती: सेकंद-मिनिटे टिकणारी मंद गॅमा-झळाळी आणि मिलिसेकंदाचा प्रखर झोत.

२००९ मध्ये जोसेफ ड्वायर, डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ॲडेल नावाचे उपकरण गल्फस्ट्रीम-५ विमानातून नेले. दहा किलोमीटरच्या आत १,२१३ विजा चमकल्या आणि झोत मिळाला अवघा एक. त्याच मोहिमेत विमान चुकून ढगात शिरले तेव्हा उपकरणाला भलतेच काही दिसले. ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा, म्हणजे पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना संपवताना सोडतात तो किरण, भोवतालून अचानक वाढली. २०१६ च्या जानेवारीत एअरबस ए३४० चाचणी-विमान उत्तर ऑस्ट्रेलियावर बारा किलोमीटर उंचीवरून वादळात गेले, तेव्हा त्यावर इल्डास आणि गॅमा-शोधक दोन्ही होते. एकदा वीस सेकंदांची झळाळी दिसली, पार्श्वभूमीच्या वीसपट, आणि लांबवर वीज चमकताच ती विझली. त्या क्षणी विमानाच्या पंखातूनही ठिणगी निघाली आणि आतल्या कॅमेऱ्याने ती टिपली. दुसऱ्या एका प्रसंगी सेकंद-सेकंदाचे दहा उमाळे आले, जवळजवळ सगळे ५११ चे. विमान स्वतःच भार सोडत असतानाच ते येत होते, आणि संगणकी प्रतिकृतीने सांगितले की हे किरण विमानाच्या अगदी लगतच, किंवा त्याच्या ॲल्युमिनियमच्या कातडीतच जन्मलेले असावेत. जुना पेच इथेही हजर.

तो पेच सोडवायचा सरळ मार्ग म्हणजे ढगात शिरायचेच नाही, त्याच्या वरून जायचे. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या निकोलाय ऑस्टगार्ड, मार्तिनो मारिसाल्दी आणि नासाच्या चमूने जुलै २०२३ मध्ये ईआर-२ विमान फ्लोरिडातल्या टॅम्पाहून वीस किलोमीटर उंचीवर दहा वेळा उडवले. गॅमा-नोंदी जमिनीवर लगेच येत होत्या, आणि झळाळी दिसली की वैमानिकाला पुन्हा त्याच ढगावर वळायला सांगता येत होते. उपग्रहाला ही सोय नाही. तो काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १३० च्या आसपास झोत मिळाले, आणि बरेचसे इतके क्षीण होते की अंतराळातून दिसलेच नसते. उष्णकटिबंधातले मोठे ढग हजारो चौरस किलोमीटरवर तासन् तास गॅमात धुमसत होते. झळाळी आणि झोत यांच्या मधले, लुकलुकणारे असे तिसरेच रूपही सापडले. ॲडेलला १,२१३ विजांत एक झोत का मिळाला, याचे कोडे आता पूर्वीसारखे राहिलेले नाही: झोत दुर्मीळ नसावेत, ते मोजणाऱ्याच्या नजरेखालून निसटत असावेत.

विमानाला जमत नाही असेही एक मोजमाप आहे, आणि त्याचा पत्ता पुन्हा कुलाबा. विमान ज्या वाटेने जाते तिथलेच क्षेत्र त्याला कळते. ढगाच्या माथ्यापासून तळापर्यंतचे एकूण विभवांतर नाही. कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटीजवळच्या ग्रेप्स-३ प्रयोगाने ते म्युऑनांवरून काढले. म्युऑन हे विश्वकिरणांतून जन्मणारे भारित कण सगळा ढग आरपार ओलांडून येतात, आणि ढगातल्या विभवांतरानुसार त्यांची ऊर्जा, पर्यायाने जमिनीवर पोचणारी संख्या, बदलते. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात ती सुमारे दोन टक्क्यांनी घटली. हिशेब आला १.३ अब्ज व्होल्टचा. विल्सन यांनी असाच अब्जाचा अंदाज कितीतरी दशके आधी बांधला होता. हरिहरन, सुनील गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे प्रसिद्ध केले. म्युऑन मोजणाऱ्या लोखंडी नळ्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या जुन्या प्रयोगातून आणलेल्या आहेत. या संस्थेची परंपराही विमानातूनच सुरू होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही: होमी भाभांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बंगळुरूहून अमेरिकी हवाई दलाच्या विमानांतून ३०,००० फुटांपर्यंत कण-गणक नेऊन विश्वकिरण मोजले होते. त्या कामातले त्यांचे सहकारी चंद्रशेखर ऐया पुढे गडगडाटी ढगांच्या रेडिओ-गोंगाटाच्या मोजणीकडे वळले.

भारतात ढगांत विमान गेले, पण विजेसाठी नव्हे: पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची २००९ मध्ये सुरू झालेली विमानमोहीम पावसाच्या भौतिकीसाठी होती. नंतरच्या टप्प्यात सोलापूर परिसरात ढगांचे थेंब आणि धूलिकण मोजले गेले. विजांचा माग ही संस्था जमिनीवरच्या संवेदकांच्या जाळ्याने काढते आणि ‘दामिनी’ ॲपवरून शेतकऱ्यापर्यंत पोचवते.

प्रवाशांना किती प्रारण मिळते याचे उत्तर दोन भागांत येते. झळाळीतून जाताना मात्रा थोडी वाढते, आणि ती नेहमीच्या उड्डाणातल्या, तासाला काही मायक्रोसीव्हर्टच्या, विश्वकिरणांशी ताडून पाहता येते. झोताच्या ऐन इलेक्ट्रॉन-लोंढ्यात विमान सापडले तर गोष्ट वेगळी. ड्वायर यांच्या २०१० च्या हिशेबानुसार मिलिसेकंदाहून कमी वेळात मात्रा ०.१ सीव्हर्टच्या जवळ जाऊ शकते. भारतात प्रारणाचे काम करणाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला ०.०२ सीव्हर्टची मर्यादा आहे, म्हणजे पाच वर्षांचा कोटा डोळ्याचे पाते लवायच्या आत. हा आकडा गणिताचा आहे, मोजलेला नाही. लोंढ्याची रुंदी शेकडो मीटरची आणि आयुष्य मिलिसेकंदाचे, शिवाय वैमानिक गडगडाटी ढगापासून सहसा वीस सागरी मैल लांब राहतात, त्यामुळे अशी गाठ पडण्याची शक्यता फारच थोडी. ऑक्टोबरच्या संध्याकाळी घाटाकडून ढग उठला, की मुंबईकडे येणारी विमाने वळसे घालतात किंवा समुद्रावर घिरट्या घालतात ती वीज, गारा आणि हादरे यांच्यासाठी. गॅमा किरण त्या यादीत अजून नाहीत.